तिसऱ्या रेघेवरचं पाणी

गजू, तुझ्या तपासणीच्या टेबलावर कालपासून नवा माणूस बसायला लागला. बरा आहे, हळू बोलतो, नीट भांग पाडतो. पण माप घेतो आणि स्वतःच वहीत लिहून टाकतो. मापणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, मापणाऱ्याने आकडा मोठ्याने म्हणायचा आणि लिहिणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा, ही तुझी रीत त्याला कुणी सांगितलीच नाही. मी सांगायला हवी होती. मी लेथवर उभा राहून नुसता बघत राहिलो, कारण आता कारखान्यात माझ्याकडून कुणी काही ऐकून घेत नाही.

ते का, ते तुला सांगायचं आहे. तुला जाऊन तीन आठवडे होत आले आणि एवढ्यात तुझ्यामाझ्यात बरंच काही घडून गेलं आहे. तू नसताना घडलं म्हणून तुला कळू नये, हे मला पटत नाही. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाला सांगायची सोयही नाही.

तू कधी कुणाच्या शब्दावर काही मानलं नाहीस. तुझ्या लग्नात भटजींनी मुहूर्ताची वेळ झाली म्हटल्यावर तू मुंडावळ्या बाजूला सारून स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलंस. अंतरपाटापलीकडून सुमतीवहिनी हसल्याचं मी पाहिलं होतं. जेठानंदच्या दुकानात आपण ती रबरी नाव पाहिली तेव्हाही तेच. लढाई संपून लष्कर उठलं, कॅम्पातल्या बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि लष्कराने मागे टाकलेल्या वस्तू जेठासारख्यांच्या दुकानांत येऊन पडल्या. ही नाव तो ताडपत्री म्हणून विकायला बसला होता. तू ती तिथेच फुगवायला लावलीस आणि हवा जाते का पाहायला तीन दिवस दुकानाच्या मधोमध ठेवलीस. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून आत यायची. जेठा कपाळाला हात लावून म्हणाला, "साईं, नाव ले रहे हो या दामाद देख रहे हो?" चौथ्या दिवशी तोच म्हणाला, मला पण घ्या तुमच्यात.

मग आपण चौघे झालो. तू मागे बसून नाव वळवायचास, मी पुढे, मध्ये जेठा आणि आपल्या कारखान्याच्या स्टोअरमधला घाणेकर. घाणेकरला पोहायला येत नव्हतं, तो पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून बसायचा. पावसाचा जोर ओसरला की दसऱ्यापर्यंत दर रविवारी सकाळच्या गाडीने वांगणीला जायचं, नदीवर नाव फुगवायची आणि उल्हास नदी नेईल तसं खडकांतून, फेसातून, वल्ही मारत दुपारपर्यंत बदलापूरला उतरायचं. अंबरनाथच्या क्वार्टर्समधली मंडळी आपल्याला खुळ्यात काढायची. आठवड्याचे सहा दिवस भोंग्यावर उठणाऱ्या आपल्यासारख्यांना ते चार तास काय होते, हे त्यांना सांगून कळलं नसतं. नाव पहिल्या धारेला लागली की तू मागून ओरडायचास, "विन्या, उजवीकडे, अरे तुझं उजवं," आणि आपण चौघेही शाळा सुटल्यासारखे हसायचो.

रेघा तुझ्याच. बदलापूरच्या धोबीघाटाजवळच्या मोठ्या काळ्या खडकावर तू पांढऱ्या रंगाने तीन रेघा मारल्या होत्यास, पट्टी लावून. पाणी पहिल्या रेघेपर्यंत असेल तर निघायचं. दुसरीपर्यंत असेल तर घाणेकरला घरी ठेवायचं. तिसरी बुडाली असेल तर सगळ्यांनी घरी जायचं. मी बदलापूरचा, म्हणून सकाळी उठून रेघ पाहायचं काम माझं. तुमची गाडी अंबरनाथहून आली की मी फलाटावर उभा राहून बोटं दाखवायचो. एक बोट म्हणजे पहिली रेघ. तू खिडकीतून डोकं काढून विचारायचास, "आत्ता पाहिलंस?" मी हो म्हटलं की म्हणायचास, "पाय बघू." पायाला नदीचा ओला चिखल दिसला की मगच मला डब्यात घ्यायचास.

पहिल्या वर्षी मला त्याची गंमत वाटायची. दुसऱ्या वर्षी राग यायला लागला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, नाकावर माशी बसू देत नाही. यंदा भाद्रपदात एका रविवारी तू "पाय बघू" म्हणालास आणि डब्यातली दोन अनोळखी माणसं हसली. मंगळवारी तू मी लेथवर कातलेले चाळीस पितळी बुश मापात नाहीत म्हणून साहेबांसमोर परत पाठवलेस. त्यातले तीन खरोखरच चुकले होते. चुकले होते म्हणूनच मला जास्त झोंबलं असावं. संध्याकाळी फाटकाबाहेर मी तुला गाठून म्हणालो, "तुझा जगात कुणावर विश्वास आहे का रे? वहिनींवर तरी आहे का?"

तू पांढरा पडलास. सायकल हातात धरूनच म्हणालास, "विश्वास आणि माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विन्या."

"तुझ्याकडे त्यातली पहिली नाहीच," मी म्हणालो आणि चालू लागलो.

ते भांडण तसंच राहिलं. बारा दिवस आपण बोललो नाही. मधल्या रविवारी नाव निघाली नाही. कँटीनमध्ये तू समोरून आलास की मी भिंतीवरची सूचना वाचायचो. मनात मात्र रोज तुझ्याशी भांडायचो आणि रोज जिंकायचो.

शनिवारी सुट्टी झाल्यावर घाणेकर निरोप घेऊन आला, उद्या जाऊ या म्हणतोय गजू, रेघ बघून ठेव. मी घरी जाता जाता, उन्हं असतानाच, धोबीघाटावर गेलो. पाणी पहिल्या रेघेच्याही चार बोटं खाली होतं. पाऊस चार दिवस थांबलेला, आभाळ मोकळं, बायका दगडांवर धुणं वाळत घालत होत्या. रविवारी सकाळी उठलो तेव्हा वेळ हाताशी होता. घरापासून घाट दहा मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. आळस नव्हता तो, गजू. मी चहा पीत पायरीवर बसलो आणि ठरवलं की आज मुद्दाम जायचं नाही. तू विचारशील, "आत्ता पाहिलंस?" मग सगळ्या डब्यासमोर सांगायचं, नाही पाहिलं, काल संध्याकाळी पाहिलं, एवढी काळजी असेल तर उतर आणि स्वतः बघून ये. वाक्य पाठ केलं होतं मी. पाय स्वच्छ धुतले, कोऱ्या वहाणा घातल्या आणि फलाटावर जाऊन उभा राहिलो.

गाडी आली. मी एक बोट वर केलं. तू खिडकीतून बोट पाहिलंस, मान हलवलीस आणि डोकं आत घेतलंस.

मी डब्यात चढलो. घाणेकर नावेच्या गाठोड्यावर डोकं ठेवून पेंगत होता. जेठा जागा होता. तू तुझी पिशवी उचलून मला खिडकीजवळ जागा केलीस आणि वहिनींनी दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवलास. माझ्या पायांकडे पाहिलं नाहीस. पाहायचं नाही म्हणून तू खिडकीबाहेर बघत होतास, मान अवघडेपर्यंत. जेठाने तुझ्याकडे पाहिलं, माझ्या कोऱ्या वहाणांकडे पाहिलं, आणि तोही बाहेर बघायला लागला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते वाक्य भांडणाचं होतं आणि तू तर समेट करून बसला होतास. पुरी तोंडात असताना कसं म्हणायचं की अरे, मी पाहिलंच नाही? तुला एवढं जड गेलेलं काम मी एका शब्दात मातीमोल केलं असतं. मी मनात म्हटलं, चार बोटं खाली होतं, रात्रीतून असं किती चढणार. आणि दुसरी पुरी घेतली.

वांगणीला नदीवर पोचलो तेव्हा पाणी लाल होतं. आपण ज्यांच्या बांधावर नाव फुगवायचो ते काळूमामा काठी टेकून काठावरच उभे होते. घाणेकर मागे बांधावर नावेचं गाठोडं सोडत होता. मामा म्हणाले, "आज जाव नका. रातच्याला वर घाटान लय पडलाय. पानी लाल झायलाय, बगा."

तू बराच वेळ पाण्याकडे बघत राहिलास. तुझी नजर मला ओळखता येते. मायक्रोमीटर एक सांगतोय आणि बोटांना दुसरं लागतंय, तेव्हा तू असाच थबकायचास. मग तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि मामांना म्हणालास, "खाली बदलापुरात पहिल्या रेघेला आहे, मामा. ह्याने सकाळी पाहिलंय. हे वरच्या नाल्याचं पाणी असेल, उतरेल तासाभरात."

'सकाळी' हा शब्द तुझा होता. मी तो उच्चारला नव्हता, पण खोडलाही नाही. तुझा हात खांद्यावर होता तेवढा वेळ मी सांगू शकत होतो. "मंग तुमचं तुमी जाना," काळूमामा म्हणाले. "तुमी शिकलेली मानसं." आणि ते बैलांकडे वळले.

पहिला अर्धा तास नाव नुसती पळत होती. वल्ही मारावीच लागत नव्हती. एरवी जे खडक आपण नावाने ओळखायचो, त्यांतला एकही वर दिसेना. कुणी हसत नव्हतं. तू मागून फक्त "डावं, डावं" म्हणत होतास आणि तुझा आवाज एकसारखा वर चढत होता. मला तेव्हाच कळलं होतं की ही नाल्याची धार नव्हे, आख्खी नदी चढली आहे. वळणावर काठाचं उंबराचं झाड निम्मं पाण्यात गेलं होतं आणि सगळा ओघ त्याच्या फांद्यांतून चालला होता. आपण चौघांनी मिळून वल्ही मारली असती तरी चुकवता आलं नसतं, इतकं ते जवळ होतं.

नाव आडवी जाऊन फांद्यांना चिकटली आणि उलटली. घाणेकर डब्यामुळे वर आला आणि वाहत जाऊन खालच्या शेतात लागला. जेठाने फांदी धरली. मी नावेच्या दोरीत पाय अडकून पाण्याखाली होतो. पायाशी कुणीतरी आलं, दोरी सुटली, आणि मला मागून जोराचा धक्का बसला. मी वर आलो तेव्हा जेठाने माझा शर्ट पकडला. आम्ही दोघांनी तुझ्या नावाने हाका मारल्या. फांद्यांच्या पलीकडे फक्त लाल पाणी जात होतं.

तू तिसऱ्या दिवशी शहाडच्या पुलाजवळ सापडलास. ते मी लिहीत नाही.

धोब्याने नंतर सांगितलं, रविवारी उजाडतानाच त्याला धुणं घेऊन परत फिरावं लागलं होतं. तिसरी रेघ बुडून वर हातभर पाणी होतं. दहा मिनिटं चाललो असतो, गजू. नुसता कोपऱ्यावर जाऊन लांबून पाहिलं असतं तरी दिसलं असतं.

पंचनाम्याच्या वेळी मला रेघेबद्दल कुणी विचारलं नाही. काळूमामांना विचारलं, त्यांनी खरं ते सांगितलं, "मी नको बोललू व्हतो, आयकला नाय." मग सगळीकडे तेच झालं. गजाननाला गावकऱ्याने बजावलं होतं, तरी तो तिघांना घेऊन पुरात उतरला. साहेब म्हणाले, अतिउत्साह नडला. तुझ्या सासऱ्यांनी दशक्रियेला सगळ्यांसमोर म्हटलं की लेकराचा विचार केला नाही. तुझे बाबा पेणहून आले आहेत, ते तुझ्या खुर्चीत बसून दिवसभर एकच शब्द म्हणत होते, "बेफिकीर." तू, जो चहात साखर पडताना चमचे मोजायचास. मी त्याच खोलीत सतरंजीवर बसून ते ऐकलं. मान खाली घातली, तर लोकांना वाटलं, मित्राचं दुःख.

तेराव्यानंतर दुपारी मी वहिनींकडे गेलो. त्या मागच्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या, तुझी छोटी आत झोपली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शनिवार संध्याकाळ, चहा, वहाणा, काळूमामा, सगळं. वाटलं होतं त्या रडतील किंवा सूप फेकून मारतील. त्या निवडतच राहिल्या.

मग म्हणाल्या, "सकाळी पाहिलंत का, असं त्यांनी विचारलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"पायांकडे बघितलं नाही?"

"नाही, वहिनी. आमचं भांडण झालं होतं. ते मिटवायचं होतं त्याला. म्हणून विचारलं नाही."

त्यांचा हात थांबला. "आदल्या रात्री म्हणत होते, विन्याला एकदा न विचारता मानून बघतो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, बघा जमतंय का."

मी ओट्याच्या कडेला बसलो. पुढे त्याच बोलल्या. "भावजी, हे मला सांगून तुम्ही मोकळे झालात. पण बाहेर बसलेत त्या मामंजींचं काय? आणि ही पोर मोठी होईल तेव्हा तिलाही लोक हेच सांगतील, तुझा बाप बेफिकीर होता. रविवारी शोकसभा आहे. तिथे सांगा."

"सांगतो. जसं घडलं तसं सांगतो."

"जसं घडलं तसं नको," वहिनी म्हणाल्या. "तसं सांगितलंत तर म्हणतील, जन्मभर चिकित्सा केली आणि नेमकं त्या दिवशी विचारलं नाही. सांगायचं तर असं सांगा, की त्यांनी विचारलं होतं. नेहमीसारखं विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात."

"पण वहिनी, त्याने विचारलं नाही तेच तर..."

"ते मला कळलं," त्या म्हणाल्या. "मला कळलं तेवढं पुरे. लोकांना ते कळायचं नाही." सूप खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मला तुमचा राग आलाय. तो जाईल असं वाटत नाही. पण हे काम तुम्हीच करू शकता."

सभा शाळेच्या वर्गात होती. तुझा फोटो मास्तरांच्या टेबलावर, लोक पोरांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेले. साहेब बोलले, क्वार्टर्समधल्या मंडळाचे दोघे बोलले. मी उठलो आणि सांगितलं की गजूने मला फलाटावर विचारलं होतं, आत्ता पाहिलंस का. नेहमीप्रमाणे विचारलं होतं. मी पाहिलं नव्हतं आणि हो म्हणालो. वांगणीला काळूमामांनी अडवलं तेव्हा त्याने मला पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा हो म्हणालो. मागून एकजण म्हणाला, "कशावरून विचारलं होतं? आता वाटेल ते सांगाल."

तेव्हा जेठा उठला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "पूछा था. मैं बाजू में बैठा था. दो बार पूछा, ये बोला हां."

तुझे बाबा पहिल्या बाकावर होते. शेजारच्या माणसाकडे वळून त्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "ऐकलंत ना? विचारलं होतं त्याने." परत परत म्हणत राहिले. सभा संपेपर्यंत प्रत्येकाला थांबवून तेच सांगत होते, आणि लोकही मान डोलवून म्हणत होते, हो, तो विचारल्याशिवाय राहायचाच नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर मी जेठाजवळ गेलो. त्याने टोपी घातली आणि म्हणाला, "मैंने उसके लिए बोला. तेरे लिए नहीं."

घाणेकर माझ्याशी बोलत नाही. कँटीनमध्ये मी बसलो की ते बाक रिकामं होतं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, मनाला लावून घेऊ नका, आणि त्याच दिवशी माझं तपासून झालेलं काम पुन्हा एकदा तपासायला पाठवलं. मला त्याची तक्रार नाही. तुझं नाव धुऊन निघालं, हे बरं झालं. तू काळजी घेणारा माणूस होतास, असं आता सगळे म्हणतात. एका खोटारड्यावर विसंबलास एवढीच तुझी चूक, असंही म्हणतात. त्यांच्या हिशेबात आता सगळं जागेवर बसलं आहे.

फक्त तू विचारलं नव्हतंस, गजू. बारा दिवस अबोला धरलेल्या, तीन बुश चुकवणाऱ्या, तोंडाळ माणसासाठी तू आयुष्यात पहिल्यांदा तुझी रीत मोडलीस. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नाही, आणि ते मी आता मरेपर्यंत सगळ्यांसमोर नाकारत राहणार आहे. उद्या तुझी मुलगी मोठी होऊन विचारायला येईल, काका, बाबांनी तुम्हाला विचारलं होतं ना? मी तिलाही हो म्हणणार आहे.